भिंतीपलीकडचा बँड

भाचीनं फोनवर पोस्टर पाठवलं तेव्हा मी पडवीत बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होते. काळ्यावर गुलाबी अक्षरं, आणि खाली तीन पुरुष नि एक बाई, सगळी साठीच्या आसपासची. इंग्रजी, कन्नड आणि मराठीत मजकूर होता. बेळगाव कॅम्पातला जुना न्यू वेव्ह बँड इतक्या वर्षांनी पुन्हा एकत्र येतोय, आपल्या जुन्या शाळेच्या पटांगणात, रविवारी दुपारी साडेचारला, प्रवेश सगळ्यांना मोकळा. त्याखाली भाचीनं लिहिलं होतं, "मावशी, तुमच्या भिंतीपलीकडचे ते हेच काय गं?"

मी फोटो मोठा करून बघितला. बाईच्या कपाळाची ठेवण ओळखीची वाटली. बाकी तिघांपैकी एकही ओळखू आला नाही, आणि त्यात नवल नव्हतं. त्या चौघांना मी दोन वर्षं रोज ऐकलं होतं, पण वाजवताना एकदाही बघितलं नव्हतं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. निपाणीजवळच्या आमच्या खेड्यातून बी.ए. करायला बेळगावला गेलेले. माझी थोरली बहीण, आक्का, कॅम्पात राहायची. दाजी मिलिटरीच्या एका स्टोअरमध्ये कामाला होते, म्हणून तिथं भाड्याच्या दोन खोल्या घेतलेल्या. मागच्या बाजूला छोटं अंगण, कपडे वाळत घालायच्या दोन तारा, आणि त्यापलीकडं डोक्याइतकी उंच दगडी भिंत. भिंतीच्या पल्याड एका जुन्या बंगल्याची मोटारखोली होती. तिच्यात मोटार कधीच नव्हती. तिच्यात बँड होता.

चौघंही कॅम्पातलेच. गाणारा एका शिंप्याचा मुलगा, बाप जवानांचे युनिफॉर्म शिवायचा. ड्रम वाजवणारा मिलिटरी बँडमधल्या हवालदाराचा. गिटारवाल्याच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. आणि कीबोर्ड वाजवणारी मुलगी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मास्तरांची. तिचा मामा बोटीवर नोकरीला होता. त्यानं कुठल्याशा बंदरातून तिला सिंथेसायझर आणून दिला होता, आणि तो आला म्हणूनच बँड झाला असं ती नंतर मला म्हणाली.

ते वाजवायचे तसलं, न्यू वेव्ह नावाचं विलायती संगीत मी त्याआधी ऐकलं नव्हतं. आमच्या घरी रेडिओवर भावगीतं, आमच्या जैन मंदिरात स्तवनं, आणि लग्नात ताशा. हे त्यातलं काहीच नव्हतं. ड्रम घड्याळासारखा सरळ चालायचा. गिटारवर एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजायचा, पण कंटाळा यायच्या आत त्यात एखादा सूर बदलायचा. वरून सिंथेसायझरचा आवाज यायचा, काचेच्या गोट्या जिन्यावरून घरंगळत गेल्यासारखा. आणि त्या सगळ्याच्या मधोमध तो शिंप्याचा मुलगा इंग्रजीत गायचा, आवाज न चढवता, न रडता, न आळवता, जणू शेजारच्याला पत्ता सांगतोय. दुःखाचं गाणं असलं तरी पाय हलायला लागायचे, ही गंमत मला तिथंच पहिल्यांदा कळली.

आक्काला ते अजिबात सहन व्हायचं नाही. "हा गाणं म्हणतोय का गाऱ्हाणं सांगतोय?" असं ती म्हणायची. पाच वाजले की पितळी ताट आणि उलथनं घेऊन अंगणात यायची आणि भिंतीजवळ उभी राहून ताट बडवायची. एकदा पलीकडून ड्रमवाल्यानं तिच्या ठोक्याला ठोका दिला. आक्का आणखी चिडली, पण ताट बडवायची थांबली मात्र नाही. पाच-सहा मिनिटं तो आणि ती असेच वाजवत होते. मी आत उशीत तोंड खुपसून हसत होते.

एका दुपारी मी कपडे वाळत घालत होते. आक्का बाजारला गेलेली. भिंतीवरून कीबोर्डवालीचं डोकं वर आलं. ती बहुतेक विटांवर उभी असावी.

"तू कॉलेजात मराठी घेतलंयस ना?" तिनं विचारलं. कॅम्पातल्या मराठीत, ज्यात थोडी कोकणी, थोडी हिंदी सगळं असायचं.

"व्हय," मी म्हटलं.

"आमच्याकडं एक चाल आहे. तीन आठवडे झाले, इंग्लिश शब्द बसेनात. तू लिहून दे की. आपल्याकडं बोलतात तसं लिही. पुस्तकातलं नको."

ती कुठली चाल म्हणतेय हे विचारायची गरज नव्हती. तीन आठवडे भिंतीपलीकडून तीच येत होती. कदाचित त्यांच्याइतकीच मलाही ती पाठ झाली होती. मी मान हलवली आणि त्या रात्री काय लिहावं याचा विचार करत पडले.

मला जे सुचलं ते त्याच महिन्यात घडलेलं होतं. आमच्या थोरल्या भावानं, अण्णानं, निरोप पाठवला होता की शनिवारी सहाच्या गाडीनं येतो, तुला गावाकडं नेतो. मी पिशवी भरून बसस्टँडवर गेले. निपाणीची गाडी आली, माणसं उतरली, अण्णा नाही. पुढची आली, त्यातही नाही. तंबाखूच्या कामात माणसं कमी पडली म्हणून त्याला निघता आलं नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. पण त्या संध्याकाळी मी तिथं उभी होते आणि अंधार पडायला लागला होता. शेवटी आक्काच शोधत आली. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली.

तेच मी लिहिलं. फक्त अण्णाचं नाव त्यात घातलं नाही.

येतो म्हणालतास, आला न्हाईस,
सहाची गाडी गेली रं.
उतरली सगळी, तू न्हाईस त्यात,
धूळ तेवढी ऱ्हायली रं.

असली तीन कडवी झाली. जर्नलचा कागद घडी घालून मी चिमट्यांच्या डब्यात ठेवला आणि डबा भिंतीवरून दिला. दोन दिवसांनी पलीकडून माझे शब्द ऐकू आले. मी न्हाणीघरात होते. हातातला तांब्या तसाच राहिला. आपलं बोलणं कुणीतरी गातंय आणि त्याला ठेका आहे, हे ऐकून मला रडू येतंय का हसू हेच कळेना.

त्यांनी ते गाणं आपल्या शाळेच्या जत्रेत म्हटलं. मला जायचं होतं. आक्का म्हणाली, "पोरांच्या गर्दीत काय करणार तू? काय नको." मी गेले नाही. नंतर कीबोर्डवाली भिंतीवरून सांगत होती की पोरांनी फार शिट्ट्या मारल्या. शब्द बाईच्या तोंडचे आणि गाणारा बाप्या, त्यामुळं "कुणाची वाट बघतोस रं?" असं ओरडत होती. गाणारा लाजला. ते गाणं त्यांनी पुन्हा म्हटलं नाही.

पुढं वर्षभरात सगळं पांगलं. ड्रमवाला बापामागोमाग फौजेत गेला. गाणाऱ्याला मस्कतमध्ये नोकरी लागली. गिटारवाला संकेश्वरला मामाच्या दुकानात गेला. कीबोर्डवाली धारवाडला संगीत शिकवायला. माझं लग्न निपाणीत झालं, मी हायस्कुलात मराठीची शिक्षिका झाले आणि तीस वर्षं दुसऱ्यांच्या कविता शिकवल्या. भिंतीवरून दिलेल्या त्या कागदाबद्दल मी कुणालाच बोलले नाही. लपवण्यासारखं काही नव्हतं. पण सांगायचं तर सुरुवात कुठून करायची, हेच कळायचं नाही.

पोस्टर बघून मी ह्यांना विचारलं, "जाऊ का?"

"जावा की," हे म्हणाले. "मला मात्र नेऊ नका. मला ते धडधड सोसत न्हाय."

आक्का आता आमच्याच गल्लीत राहते. दाजी गेल्यावर भाचीनं तिला बेंगळुरूला नेलं होतं. दोन महिन्यांत ती परत आली, तिथं पाणी जड लागतं म्हणून. मी तिला नुसतं सांगायला गेले होते की रविवारी मी नाही.

"कुठं चाललीस?"

"बेळगावला. ती आपल्या मागची पोरं वाजवायची न्हवं का, ती परत वाजवणार हैत."

आक्का टेकून बसली. गुडघा चोळत म्हणाली, "मी बी येतो." आमच्याकडं म्हाताऱ्या बायका असंच बोलतात, येतो, जातो.

"तू? तुला तर डोकं उठायचं."

"त्ये बघू की. कापूस घिऊन यीन कानात घालायला."

रविवारी सकाळी दहाच्या लाल बसनं आम्ही निघालो. आक्काच्या पिशवीत पोळ्या, शेंगाचटणी आणि दोडक्याची भाजी, कारण दिवस मावळल्यावर ती जेवत नाही आणि कार्यक्रम किती वेळ चालेल याचा भरवसा नव्हता. संकेश्वरच्या पुढं ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, त्यांच्यामागून बस हळूहळू चालली. आक्का खिडकीतून बघत होती. मध्येच म्हणाली, "त्यो ढोलवाला पोरगा असंल काय?" मी म्हटलं असेल. "फौजेत गेलता त्यो," ती म्हणाली. तिला हे माहीत आहे हे मला माहीत नव्हतं.

कॅम्पात उतरून आम्ही आधी आमची जुनी जागा बघायला गेलो. दोन खोल्या पाडून तिथं कुणीतरी दुमजली घर बांधलं होतं. आक्का दारातल्या बाईशी कन्नडमध्ये बोलली, पाणी प्यालो आणि शाळेकडं निघालो.

पटांगणात झाडांखाली खुर्च्या मांडल्या होत्या. मला वाटलं होतं पन्नास-साठ माणसं असतील. पण चार वाजताच खुर्च्या भरल्या होत्या आणि लोक पायऱ्यांवर, कठड्यावर बसत होते. कॅम्पातली म्हातारी माणसं कडक इस्त्रीच्या शर्टांत. फौजी निवृत्त झालेले, मिशा राखलेले. गोव्याहून, पुण्याहून आलेल्या बायका एकमेकींना ओळखून ओरडत होत्या. आमच्यासारखं डोक्यावर पदर घेतलेलं दुसरं कुणी नव्हतं. एका तरुण मुलीनं आक्काला बघून पुढच्या रांगेतली स्वतःची खुर्ची दिली. आक्कानं ती घेतली आणि मलाही शेजारी बसवून घेतलं.

साडेचारला ते आले. कुणी नाव पुकारलं नाही, दिवे नाहीत, धूर नाही. उन्हातच स्टेजवर चढले.

ड्रमवाला आधी. सुभेदार होऊन निवृत्त झालेला, पाठ अशी ताठ की खुर्चीला पाठ लावायची गरजच नाही. मग गिटारवाला. संकेश्वरला त्याचं मोटारी रिवाइंडिंगचं दुकान आहे, उसाच्या पंपांच्या मोटारी जळतात त्या तो भरून देतो, असं शेजारचा माणूस कुणाला तरी सांगत होता. मग कीबोर्डवाली. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, चष्मा दोरीनं गळ्यात. शेवटी गाणारा. पोट सुटलेलं, डोक्यावर केस नाहीत, पण काळा शर्ट आणि बारीक टाय, तसलाच टाय जो तेव्हा घालायचा असं लोक म्हणायचे.

आक्कानं कानात कापूस घातला.

ड्रमवाल्यानं चार ठोके दिले आणि सुरू झालं.

मी काय सांगू. दोन वर्षं जे भिंतीतून गाळून यायचं ते पहिल्यांदा समोरून आलं. मला वाटायचं सिंथेसायझर म्हणजे बटण दाबलं की वाजतो. ती वाजवताना बघितलं तेव्हा कळलं की तिचा डावा हात एक काम करतोय, उजवा दुसरं, आणि डोळे तिसरीकडं, ड्रमवाल्याच्या काठीवर. तो एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणारा गिटारवाला ओठ घट्ट मिटून, डोळे खाली लावून वाजवत होता, तार गुंडाळताना एकही वेढा चुकू नये तसा. मला तेव्हा वाटायचं ते सोपं आहे. इतका वेळ तेच वाजवायचं आणि ढळायचं नाही, याला काय लागतं ते बोटांकडं बघितल्याशिवाय कळत नाही.

गाणाऱ्याचा आवाज उतरला होता. पूर्वी तो जिथं सहज जायचा तिथं आता जाऊ शकत नव्हता. पण त्यानं तसं भासवलंच नाही. सगळी गाणी खालच्या पट्टीत घेतलेली होती, आणि तिथं त्याचा आवाज जाड, थोडा खरखरीत, पण पक्का होता. एकदाही तो ताणला नाही. तरुण असल्याचं सोंग त्यांच्यापैकी कुणीच केलं नाही, उड्या मारल्या नाहीत. साठीच्या आसपासची माणसं साठीच्या आसपासच्या माणसांसारखी उभी होती आणि वीस वर्षांच्या पोरांनी बांधलेलं संगीत वाजवत होती. आणि ते संगीत म्हातारं झालेलं नव्हतं.

तिसऱ्या गाण्याला चुकलं. गाणारा एक मात्रा आधी शिरला, गिटार एकीकडं, ड्रम दुसरीकडं.  ड्रमवाल्यानं काठी वर धरली. सगळे थांबले. त्यानं गाणाऱ्याकडं बघून म्हटलं, "पुन्हा." इतकंच. कुणी माफी मागितली नाही, विनोद केला नाही. पुन्हा चार ठोके, आणि या वेळी ते गाणं असं वाजलं की मागचे लोक उभे राहिले. घरी चुकावं तसं ते चुकले आणि घरी दुरुस्त करावं तसं त्यांनी दुरुस्त केलं. टाळ्यांपेक्षा गाणं नीट व्हावं याचीच त्यांना काळजी होती, आणि ते बघून मला माझ्या शाळेतले कितीतरी कार्यक्रम आठवले जिथं आम्ही चुका झाकण्यात निम्मी ताकद घालवली.

मी आक्काकडं बघितलं. तिच्या मांडीवर कापसाचे दोन बोळे पडले होते.

मध्यंतर झालं तेव्हा साडेपाच होत आले होते. आक्कानं डबा काढला. आम्ही खुर्च्यांवरच पोळी-भाजी खाल्ली. आक्का खाता खाता म्हणाली, "त्यो ढोलवाला हात उगंच उचलत न्हाय. लागंल तेवढाच उचलतोय." आणि घास घेतला. इतकी बारीक नजर तिनं कधी कमावली, मला कळलं नाही.

ऊन उतरल्यावर ते परत आले. दोन गाणी झाली. मग गाणाऱ्यानं माइक स्टँडवरून काढला आणि बोलला, आधी इंग्रजीत, मग मराठीत.

"पुढचं गाणं आम्ही आयुष्यात एकदाच म्हटलंय. ते मी म्हटलं होतं, आणि ते माझं नव्हतं." लोक हसले. "चाल आमची. शब्द एका मुलीनं भिंतीवरून दिले होते. ती आमच्याकडं कधी आली नाही. कुठं आहे तेही आम्हाला ठाऊक नाही. आज ते गाणं ज्यानं म्हणायला पाहिजे त्यालाच म्हणू द्या."

आणि त्यानं माइक कीबोर्डवालीसमोर लावला.

तेव्हा मुलीनं मागं उभं राहून वाजवायचं, गायचं मुलानं, असंच धरून चाललेले होते सगळे. तिनंही तसंच धरलेलं असावं. तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला, काचेच्या गोट्या जिन्यावरून उतरल्या, आणि ती म्हणू लागली.

येतो म्हणालतास, आला न्हाईस,
सहाची गाडी गेली रं.

गोड आवाज नव्हता तिचा. शिकवणाऱ्या बाईचा आवाज होता, स्पष्ट, थोडा थकलेला. पण "रं" तिच्या तोंडून आला तेव्हा तो जिथं बसायचा तिथं बसला. कुणी शिट्टी मारली नाही. पटांगणात त्या ड्रमच्या ठोक्यांशिवाय काही हललं नाही. मी एकोणिसाव्या वर्षी लिहिलेलं तिसरं कडवं कच्चं होतं, त्यात चंद्र वगैरे आणला होता. तिनं ते गाळलं आणि पहिलंच पुन्हा म्हटलं. शिक्षिका म्हणून मीही तेच केलं असतं.

दुसऱ्या कडव्यात आक्काचा हात माझ्या मनगटावर आला. तिनं ते घट्ट धरलं.

"ह्ये अण्णाचं हाय," ती माझ्या कानाशी म्हणाली. "तंबाखूच्या वक्ताला आला न्हवता त्यो. मी आलतो तुला बघायला स्टँडवर."

मी मान हलवली.

"तू लिवलंस?"

"व्हय."

अण्णाला जाऊन चार वर्षं झाली. तो शेवटपर्यंत मला म्हणायचा, "तवा तुला स्टँडवर उभं केलतं बघ मी," आणि मी म्हणायची, "जाऊ दे रं अण्णा."  आक्कानं डोळ्यांना पदर लावला नाही. गाणं संपेपर्यंत माझं मनगट मात्र सोडलं नाही, आणि तिचं बोट माझ्या हाडावर ड्रमबरोबर चालत होतं. एक ठोकाही न चुकता.

त्यानंतर चार गाणी झाली. शेवटच्या गाण्यात ड्रमवाला एकटा खूप वेळ वाजवत राहिला, बाकीचे तिघं बाजूला उभे राहून त्याच्याकडं बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते बघायला मी पुन्हा निपाणीहून येईन. आपल्यापैकी एखाद्याला काय येतं याचं निखळ कौतुक होतं ते. पावणेसातला सगळं संपलं. त्यांनी वाकून नमस्कार केला, आणि लगेच आपापल्या वायरी गुंडाळायला लागले.

मला निघायचं होतं. आक्का उठली आणि सरळ स्टेजकडं चालायला लागली.

"आक्का, गाडी चुकंल."

"चुकू दे."

तिला पायऱ्या चढवेनात म्हणून ती खालीच उभी राहिली आणि ड्रमवाल्याला हाक मारली, "सुभेदार!" हा शब्द तिनं शेजारच्या रांगेतून उचललेला होता. तो वाकून बघायला लागला.

"मी तुमच्या मागं राहत होतो. ताट वाजवायचो मी."

त्याला कळायला एक क्षण लागला. मग त्या ताठ माणसाच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी विसरणार नाही. "पितळी ताट!" तो ओरडला. "अहो, तुम्ही? तुमच्यामुळं माझा ठेका पक्का झाला! तुम्ही रोज वेगळ्या ठिकाणी मारायचा, आणि मला हलायचं नसायचं!" तो खाली उतरला आणि आक्काच्या पाया पडला. आक्का गोंधळली. "असू दे, असू दे," म्हणाली. "बरं वाजवलासा."

तोवर कीबोर्डवाली कडेला आली होती. ती माझ्याकडं बघत होती. आक्कानं मला पुढं ढकललं. "आणि ही ती. भिंतीवरून देणारी."

आम्ही दोघी काय बोललो ते फारसं लक्षात नाही. तिचे हात गार होते आणि बोटांचे सांधे सुजलेले होते. ती म्हणाली की सकाळपासून गरम पाण्यात बुडवून ठेवले होते. चार महिने शनिवार-रविवारी सगळे गिटारवाल्याच्या दुकानात जमायचे, मस्कतवाला नोकरी सोडून आला म्हणून जमलं. "तिसरं कडवं काढलं, चालेल ना?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "मीच काढलं असतं." दोघी हसलो. मी विचारलं पुन्हा कधी वाजवणार. ती हातांकडं बघून म्हणाली, "माहीत नाही. आज झालं, हे झालं." तिच्या बोलण्यात खंत नव्हती. मग तिला कुणीतरी फोटोसाठी ओढून नेलं.

निपाणीची गाडी आम्हाला सव्वासातला मिळाली. पुढंच दोन जागा होत्या. आक्कानं गुडघे लांब केले. तिकीट फाडताना कंडक्टरनं तिला कन्नडमध्ये विचारलं, अज्जी, या वेळेला कुठून?

"हाडा केळाक होगिद्वी," आक्का म्हणाली. गाणं ऐकायला गेलो होतो.

भजन होतं का, त्यानं विचारलं. नाही म्हणाली. मग लग्नाचा बँड? त्यावर आक्कानं त्याला बसवूनच घेतलं. गाडी हायवेला लागेपर्यंत ती त्याला सांगत होती, अर्धं कन्नडमध्ये, अर्धं मराठीत, की चौघंजण हैत, एकजण मोटारी भरतोय, एकजण फौजेतला, एक मास्तरीण, आणि एकाला केस न्हाईत, पण चौघं मिळून वाजवतात तवा कुठला आवाज कुणाचा हे आपल्याला कळत न्हाय, आणि कळायला बी नको वाटतं.